शेकडा साठचा सौदा

चिखली, चैत्र शुद्ध नवमी, शके १८५८

भाऊजी,

नमस्कार. क्षेमकुशल विचारीत नाही. विचारले तर उत्तर द्यावे लागेल, आणि गेल्या जूनपासून आमच्या घराला उत्तर न देण्याचे तुमचे व्रत आहे. व्रतभंगाचे पाप मी कशाला घेऊ? मी बायकोचा भाऊ. थट्टा करणे हा माझा वंशपरंपरेचा हक्क आहे, आणि मलकापुरात एवढे नाव कमावलेल्या वकिलाला हक्क म्हटल्यावर हरकत घेता येणार नाही, एवढ्या भरवशावर लिहितो.

तुमचे चिरंजीव निवृत्ती आमच्याकडे सुखरूप आहेत. बी. ए. तिसऱ्या वर्गात पास झाल्यावर तुम्ही त्याला जे सुनावले ते त्याने मला शब्दशः सांगितले आहे. "या मार्कांवर लॉ कॉलेजात तुले शिपाई म्हणून बी कोणी ठेवणार नाही. वकिलीच्या लायक होशील तवा तोंड दाखव." तेव्हापासून ते तोंड आमच्याकडे आहे, आणि दोन्ही वेळा व्यवस्थित चालते.

गुण मीही पाहिले. इंग्रजीत बेचाळीस, तत्त्वज्ञानात अडतीस, संस्कृतात छत्तीस. त्याचा मामा वीस वर्षे हायस्कुलात संस्कृत शिकवतो हे परीक्षकांना ठाऊक नसावे. किंवा ठाऊक असावे.

आता कामाचे. मुंबईत व्यापारशिक्षणाचे एक कॉलेज आहे. पदवीधरांसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम, जागा चाळीस, अर्ज चारशे. निवृत्तीला तिथे जायचे आहे. त्यांच्या माहितीपुस्तकात लिहिले आहे की दुसऱ्या वर्गाखालच्या उमेदवाराने अर्ज करू नये असे नाही, मात्र करण्यापूर्वी विचार करावा. आम्ही विचार केला आणि अर्ज करतो आहोत. निवड झालीच तर पालकाची सही लागेल. पालक म्हणजे बाप. बाप हयात असता मामा चालत नाही, असे त्यांनी निराळ्या ओळीत छापले आहे. बहुधा माझ्यासारखे मामा त्यांनी पूर्वी पाहिले असावेत.

सही पुढची गोष्ट. आज फक्त 'हो' कळवा. दरम्यान निवृत्ती स्वस्थ बसलेला नाही. येथील एका प्रतिष्ठित दलालाच्या पेढीत तो व्यापाराचा प्रत्यक्ष अनुभव घेत आहे. पेढी हवेशीर आहे.

तुमचा,
अर्जुनराव


चिखली, वैशाख शुद्ध तृतीया

भाऊजी,

उत्तर नाही. तुमचे मौन हा मूळ ग्रंथ आणि मी त्याचा भाष्यकार, अशी व्यवस्था दिसते. ग्रंथ कोरा असला की भाष्याला मोकळीक फार.

परंतु ग्रंथकार संतापले असल्याचा निरोप आला. कोणी आणला ते सांगत नाही, कारण त्याच माणसाबरोबर अक्काने तुमच्याच घरून बेसनाचे लाडू पाठवले होते, आणि लाडवांचा डबा तुम्हाला ठाऊक नाही असे अक्काला वाटते. निरोप असा: पेढी हवेशीर आहे कारण तिला भिंती नाहीत, तिला भिंती नाहीत कारण तो गुरांचा बाजार आहे, आणि वकील भगवानरावांचा बी. ए. झालेला मुलगा सोमवारी चिखलीत आणि इतर दिवशी देऊळघाट-दुसरबीडकडे बैलांच्या शेपट्या धरून हिंडतो.

शेपट्यांची गोष्ट खोटी आहे. तो दात पाहतो.

बाकीचे कबूल. दलालाचे नाव गुलाम रसूल. तीस वर्षे या धंद्यात असून त्याच्यावर अद्याप एकही फिर्याद नाही; तुमच्या पक्षकारांबद्दल असे लिहिता येईल काय? निवृत्ती त्याच्याकडे गेला तो माझ्या सांगण्यावरून नव्हे. आमची म्हातारी गाय विकायला मी त्याला पाठवले. गाय विकून आला, आणि दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा बाजारात गेला. म्हटले, "आता काय विकतोस? मामी?" तर म्हणाला, "मामा, तिथं सगळे खोटं बोलतेत, पण सगळ्यायले माहीत असते कोण किती खोटं बोलून राह्यला. मले पहिल्यांदा कायतरी समजलं." नागपुरात चार वर्षे तत्त्वज्ञान शिकून जे झाले नाही ते एका गायीने केले.

त्याची मामी सत्यभामाबाई हिची तक्रार एवढीच की तो जेवायला बसला की घरात गोठा येतो. मी तिला सांगितले, की वकिलाच्या घरीही कोर्टाचा वास येत असेल, अक्का बोलत नाही एवढेच.

अर्जाला दोन जबाबदार गृहस्थांची शिफारस हवी. एक आमच्या हेडमास्तरांनी दिली. 'उमेदवाराची वर्तणूक माझ्या माहितीप्रमाणे वाईट नाही.' हेडमास्तर लवकरच पेन्शनीत जाणार आहेत, कोणाची जोखीम घेत नाहीत. दुसरी गुलाम रसूलकडून घ्यावी असा हट्ट निवृत्तीने धरला. मी कागद घेऊन त्याच्या बाजेवर बसलो. तो सांगू लागला:

"लिहा मास्तर. पोट्टं इमानदार हाये. जनावराच्या तोंडात पाहून उमर सांगते आन माणसाच्या तोंडाकडं पाहून भाव. हिशोबात चुकत नाही. लंगडा बैल चांगला म्हणून इकत नाही, त्यापायी माह्यं दोनदा नुसकान झालं. थोडं भोळं हाये, पण थे नका लिहू."

"आणि त्याचा थर्ड क्लास?"

"त्याले काय होते? रेल्वेचा थर्ड क्लास बी मुंबईलेच जाते ना? फस्ट क्लासवाल्याले का समुद्र आधी दिसते?"

हे मी शक्य तितके जसेच्या तसे इंग्रजीत उतरवले. रेल्वे वगळली. भोळेपणा ठेवला, शिफारशीत एखादा दोष असला की बाकीचे खरे वाटते. गुलाम रसूलने खाली उर्दूत सही केली, ती हेडमास्तरांच्या सहीपेक्षा देखणी आहे.

'हो' अजून आलेले नाही, हे आठवण म्हणून लिहितो.

अर्जुनराव


चिखली, वैशाख वद्य पंचमी

भाऊजी,

आज थट्टा कमी करतो. शाळेला सुटी आहे, सवय सुटली तर बरे.

अर्जात एक प्रश्न असा होता: 'उमेदवाराचा वर्ग दुसऱ्याखाली असल्यास त्याची कारणे द्यावी.' खाली चार ओळींची जागा. या चार ओळींवर आमच्या घरी चार दिवस खल झाला. अक्काचा निरोप आला की नवज्वर झाला होता असे लिहा. सत्यभामाबाईचे मत पडले की नागपूरचे पाणी लिहा. मी स्वतः एक मसुदा केला. त्यात ग्रहगती नव्हती, पण तिच्या जवळपासचे बरेच काही होते. एक वाक्य तर सात ओळींचे झाले तरी क्रियापद आले नव्हते. निवृत्तीने ते नीट वाचून घेतले, घडी घातली, आणि म्हणाला, "मामा, हे फार सुंदर हाये. यात मी कुठं हाओ?"

मग त्याने स्वतःच लिहिले. मला दाखवले तेव्हा पाकीट चिकटवून झाले होते, म्हणजे दाखवले नाही, तोंडी सांगितले. इंग्रजीत होते, मराठीत साधारण असे:

'मला वकील व्हायचे नव्हते. हे वडिलांना सांगण्याचे धैर्य मला चार वर्षांत झाले नाही. त्यांच्या पैशाने मी न आवडणारे विषय शिकलो आणि ते वाईट शिकलो. मिळालेले गुण बरोबर आहेत.'

मी म्हटले, "अरे, असे लिहून कोणी जागा देईल का? बैलाच्या दलालाने आपणच ग्राहकाला सांगायचे, की याचा मागचा पाय पाहा?"

"लंगडा असला तं सांगतोच की मी," तो म्हणाला. "गुलाम रसूलचाचाले इचारा."

भाऊजी, हे तुम्हाला कळवावे की नाही यावर मी दोन दिवस घालवले. तुम्हाला वाटते त्याने अभ्यास केला नाही. त्याला वाटते त्याने तुम्हाला फसवले. या दोन्हींपैकी तुम्हाला कोणते अधिक लागेल ते मला ठरवता आले नाही, म्हणून दोन्ही लिहिली. अर्ज गेला आहे.

अर्जुनराव


चिखली, ज्येष्ठ वद्य प्रतिपदा

भाऊजी,

मुलाखतीला बोलावणे आले, तो गेला, आणि परत आला. बातमी चांगली आहे की वाईट ते पत्राच्या शेवटी कळेल. शेवट आधी वाचू नये, ही विनंती. वकील तसे करतात असे ऐकतो.

मुंबईची गाडी धरायला मलकापूर सोयीचे. परंतु तोंड न दाखवण्याची तुमची आज्ञा पाळण्यासाठी तो उलटा नांदुऱ्यास गेला, तिथे गाडीत चढला, आणि मलकापूर स्टेशनात गाडी उभी होती तेवढा वेळ वरच्या फळीवर डोक्यावरून उपरणे घेऊन निजून राहिला. खालच्या एका बाईने विचारले म्हणे, "कोण गेलं हो तुमच्यातलं?" पितृआज्ञेचे इतके तंतोतंत पालन आजकाल दिसत नाही.

आता मुलाखत. टेबलापलीकडे दोघे: गोरे प्रिन्सिपॉलसाहेब, आणि कॉलेजच्या मंडळावरचे एक कच्छी शेठ, कापसाचे मोठे व्यापारी. ज्यांची मुलाखत आधी झाली ते सगळे पहिल्या नि दुसऱ्या वर्गाचे, बूट घातलेले. निवृत्ती आत गेला. प्रिन्सिपॉल उठले आणि त्यांनी हात पुढे केला.

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. तुम्ही गुरांच्या बाजारात गेल्याला वर्षे झाली असतील. बैलाचा भाव तिथे तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात हातात घेतात, वर उपरणे टाकतात, आणि खाली बोटे दाबून भाव सांगतात. एक बोट धरले तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. शेकडा की दहाई तेवढे तोंडाने. भोवती शंभर माणसे उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. आठ महिने निवृत्ती दिवसाकाठी चाळीस वेळा हेच करीत होता. कोणी हात पुढे केला की त्याचा खांदा आपोआप उपरणे सोडतो.

साहेबांनी हात पुढे केला. निवृत्तीने तो धरला, वर उपरणे टाकले, आणि साहेबांची मधली दोन बोटे दाबली.

साहेब दचकून "व्हॉट इज दिस?" म्हणाले. त्यांना वाटले असावे, की हा एक तर जादूगार आहे किंवा बोटातली अंगठी काढतो आहे. निवृत्तीला तेव्हा उमगले आपण काय केले. तो मला सांगत होता, "मामा, हात सोडावा तं उपरणं पडते, उपरणं सावरावं तं हात सुटत नाही. मले वाटलं, गेलं सगळं."

आणि शेठ हसू लागले. पगडी काढून टेबलावर ठेवावी लागेपर्यंत हसले. मग साहेबांना म्हणाले, "थांबा, याची मुलाखत मी घेतो," आणि उपरण्याखालचा साहेबांचा हात बाजूला करून आपला घातला.

"थर्ड क्लास आहेस," शेठ म्हणाले. "तुला घेऊन आमचा काय फायदा? पहिल्या सहामाहीत शेकडा किती आणशील? बोल. दहाई."

निवृत्तीने पंजा दाबला. पन्नास.

शेठने मान हलवली. त्यांनी पंजा आणि वर तीन बोटे दाबली. ऐंशी.

निवृत्तीने पंजा आणि बोटाचे अर्धे पेर दिले. पंचावन्न. शेठ म्हणाले, "अरे, उमर पाहा माझी, दया कर," आणि सत्तरवर आले. हा पंचावन्नवर बसून राहिला. शेठनी हात सोडल्यासारखे केले. याने सोडला नाही. प्रिन्सिपॉलसाहेब त्या हलणाऱ्या उपरण्याकडे असे पाहत होते, जणू खाली दोन उंदीर भांडत आहेत. शेवटी पंजा आणि एक बोट. साठ. दोघांनीही मान हलवली, आणि शेठनी "सौदा!" म्हणून उपरणे काढून त्याच्या खांद्यावर टाकले.

मी विचारले, "अरे, पण ऐंशी कबूल करून टाकायचे होतेस. जागा तर पक्की झाली असती."

तो माझ्याकडे असे पाहू लागला की मी जणू लंगडा बैल विकायला काढला आहे. "मामा, ऐंशी मले पडत नाहीत. साठ पडतीन. जे देता येत नाही त्याचा भाव कसा करू?" आणि शेठनी साहेबांना नेमके हेच सांगितले म्हणे. चारशेंपैकी सगळ्यांनी अर्जात मोठमोठी वचने दिली आहेत. भाव कमी करून घेणारा हा एकच.

तेव्हा बातमी अशी: जागा मिळाली आहे. पण साहेब साहेबच. उपरण्याखालचे त्यांना कळत नाही. त्यांना कागद पाहिजे. करारनामा येतो आहे. त्यावर सही तुमची.

अर्जुनराव


चिखली, ज्येष्ठ वद्य दशमी

भाऊजी,

करारनामा आला. 'उमेदवार' पहिल्या सहामाहीत शेकडा साठ गुण मिळवील. न मिळवल्यास 'उमेदवाराचे' नाव कमी होईल, भरलेली फी परत मिळणार नाही, आणि पालक कोणतीही तक्रार करणार नाहीत. आठ दिवसांत सहीनिशी परत पाठवायचा. नाही तर जागा पुढच्याची.

मी हा टपालाने पाठवत नाही. टपालाला तुम्ही उत्तर देत नाही. निवृत्तीच्या हातून पाठवतो. उद्याच्या मोटारीने निघेल. तोंड दाखवू नको या तुमच्या आज्ञेचा भंग होईल, तो माझ्या नावावर लिहावा.

सही केली नाहीत तर तो परत येईल आणि गुलाम रसूलकडे जाईल, आणि चांगला दलाल होईल. उपाशी राहणार नाही. एवढे तुम्हाला ठाऊक असावे म्हणून लिहिले. माझ्याकडे आणखी युक्तिवाद नाही.

अर्जुनराव


चिखली, आषाढ शुद्ध पंचमी

भाऊजी,

तुमच्या कचेरीत काय झाले ते तुम्हाला ठाऊक आहे. मी तिथे नव्हतो. म्हणून निवृत्तीने सांगितले तसे तुम्हालाच परत सांगतो. चूक असेल तिथे खोडावे. खोडण्याचा तुमचा हात किती सढळ आहे ते आता मुंबईपर्यंत माहीत झाले आहे.

तो आला तेव्हा तुम्ही वर पाहिले नाही. तो पक्षकारांच्या बाकावर बसला. तुम्ही एकेकाला बोलावत राहिलात. शेताच्या बांधाचा झाला, विहिरीच्या वाटणीचा झाला, एका बाईचे मंगळसूत्र झाले. मग तुम्ही म्हणालात, "पुढचा."

तो उठून समोर उभा राहिला.

"नाव काय पक्षकाराचं?"

"निवृत्ती," तो म्हणाला. "बापाचं नाव भगवानराव."

"कागद आन."

तुम्ही करारनामा वाचलात. एकदा वाचलात, चष्मा पुसून पुन्हा वाचलात. आणि मग जे ओरडलात ते म्हणे बाहेर वडाखाली बसलेल्या लोकांनीही ऐकले: "कोण्या गाढवानं लिहिला हा मसुदा? फी परत नाही? काऊन नाही? तक्रार करणार नाही? मी? वकिलाच्या पोराकून असं लिहून घेऊन राह्यले, आन तू घेऊन आला बे तसाच?"

वर्षभरानंतरचे तुमचे पहिले शब्द. निवृत्ती म्हणतो, त्याला इतके बरे कधी वाटले नव्हते.

मग तांबडी शाई मागवलीत. बाकीचे पक्षकार उद्या या म्हणून परत पाठवलेत. अक्काने दोनदा जेवायला बोलावले. तुम्ही दोघेही गेला नाहीत. फी जप्त होण्याचे कलम गेले. आजारपणाची सवलत आली. नाव कमी करण्याआधी लेखी नोटीस आली, आणि नोटिशीला उत्तर द्यायला एकवीस दिवस आले. त्यांच्या एका पानाची तुम्ही चार पाने केलीत. मुंबईला धाडण्यापूर्वी ती चार पाने मी इथे दिव्याजवळ धरून वाचली. जिथे जिथे त्यांनी 'उमेदवार' लिहिले होते, तिथे तिथे तुम्ही तो शब्द तांबड्या शाईने खोडून वर 'माझा मुलगा' केले आहे. कायद्याच्या दृष्टीने त्याची काय गरज होती, ते मला संस्कृतज्ञाला कळत नाही. विचारीतही नाही.

एकच गोष्ट तुम्ही हात न लावता ठेवलीत. साठचा आकडा. निवृत्तीने सुचवले म्हणे, "बाबा, ते पन्नास करून पाहाता का?" तुम्ही म्हणालात, "थो सौदा तुह्या हाताचा हाये. तो मोडाले मले अधिकार नाही." आणि समासात तसे लिहून सही केलीत.

काल प्रिन्सिपॉलसाहेबांचे उत्तर आले. सर्व दुरुस्त्या मान्य आहेत. सद्गृहस्थांनी आणखी दुरुस्त्या पाठवू नयेत, अशी विनंती आहे.

निवृत्ती परवा निघतो. या खेपेला मलकापुराहूनच गाडी धरणार आहे. अक्काला कळवावे, म्हणजे डबा उघडपणे देता येईल. आता तो माझ्याशेजारी बसून ट्रंक बांधतो आहे. मघाशी दोरीची गाठ मारता मारता थांबला आणि म्हणाला, "मामा, साठ नाही पडले तं?"

मी म्हटले, "तर काय? तुझा वकील चांगला आहे."

तुमचा,
अर्जुनराव